पाइनची पाठराखीण: बाहेरून आलेली झाडं आणि मुळांवरची बुरशी

मातीमोल

गाजरगवत, घाणेरी, रानमोडी यांच्यावर इथे ढीगभर धागे आहेत आणि प्रत्येक धाग्यात गाडी शेवटी तिथेच जाते, कोणी आणलं, कधी आणलं, गुरं तोंड लावत नाहीत, उपटा नाहीतर जाळा. सगळं जमिनीच्या वरचं. खाली मुळांशी काय चाललेलं असतं त्यावर कोणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून हा धागा. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडं बेसिक, माहिती असेल त्यांनी खाली उडी मारा. जगातल्या बहुतेक झाडांच्या मुळांत किंवा मुळांवर बुरशी राहते. झाड तिला साखर देतं आणि ती तिच्या बारीक तंतूंनी मुळं पोचत नाहीत तिथून स्फुरद, नत्र, थोडंफार पाणी ओढून झाडाला देते. या जोडीला मायकोरायझा म्हणतात. नाव १८८५ मध्ये फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने दिलं पण प्रकार फार जुना, स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनीच्या चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत सुद्धा अशी बुरशी दिसते. यात मुख्य प्रकार दोन. एक एएम, म्हणजे आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात व्हॅम म्हणून पुडी मिळते ती, ही मुळाच्या पेशींत शिरते, हिची छत्री वगैरे कधी उगवत नाही. दुसरा एक्टो, हा मुळाच्या टोकांवर बाहेरून थर चढवतो आणि पेशींच्या आत न जाता मधल्या फटींतून फिरतो. जंगलात साल, ओक, देवदार, पाइन यांच्याखाली पावसात छत्र्या दिसतात त्यातल्या बऱ्याच या दुसऱ्या प्रकारच्या.

आता मुद्दा. पाइन हे उत्तर गोलार्धातलं झाड, दक्षिणेत नैसर्गिक पाइन जवळजवळ नाहीच, सुमात्रात एक जात विषुववृत्ताच्या जरा खाली उतरते तेवढीच. युरोपियन लोकांनी लाकडासाठी ते ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, चिली, अर्जेंटिना असं जिथे गेले तिथे नेलं. आणि बऱ्याच ठिकाणी काय व्हायचं, बी रुजायचं, रोप वीतभर व्हायचं आणि पिवळं पडून तसंच बसायचं. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९२० च्या दशकात लक्षात आलं की ज्या नर्सरीत रोपं तरारलीयत तिथली माती आणून घातली की बाकीच्या नर्सरीतली रोपं पण उचल खातात. पोर्तो रिकोतही १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या पाइनच्या जंगलातली माती घातल्यावरच पाइन वाढायला लागले. मातीत होती ती एक्टो बुरशी. नवरी आधीच सासरी गेलेली आणि पाठराखीण मागून पाठवावी लागली असा प्रकार.

यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण अर्जेंटिनातलं. पॅटागोनियात नाहुएल ह्वापी नावाचं मोठं सरोवर आहे, त्यात इस्ला व्हिक्टोरिया हे बेट. गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तिथे सरकारी रोपवाटिका होती आणि शंभरावर जातींची परदेशी झाडं लावली, त्यात पाइन आणि डग्लस फर भरपूर. यातली कितीतरी झाडं जगात दुसरीकडे बेफाम पसरलेली आहेत, पण या बेटावर कितीतरी दशकं झाली तरी लागवडीच्या आसपासच घुटमळत होती. मार्टिन नुन्येझ, टॉम हॉर्टन आणि डॅन सिम्बरलॉफ या तिघांनी २००९ मध्ये दाखवलं की लागवडीपासून लांब गेलं की मातीत पाइनला चालणारी बुरशीच फारशी नाही. गंमत अशी की बेटावर जे मूळचं जंगल आहे ते नोथोफॅगसचं, आणि नोथोफॅगस पण एक्टो बुरशीवालाच! पण त्याच्या बुरशा पाइनच्या उपयोगाच्या नाहीत. म्हणजे आजूबाजूला बुरशी ढीगभर, पण आपली एकही नाही.

मग हळूहळू पसरायला कसे लागले? तर हरणं आणि रानडुकरं. दोन्ही युरोपातून शिकारीसाठी आणलेली. ती लागवडीत जाऊन बुरशीची फळं उकरून खातात आणि लांब जाऊन लेंड्या टाकतात. २०१३ च्या अभ्यासात त्या लेंड्या काचघरात पाइनच्या रोपांना घातल्या तर मुळांवर बुरशी बसली. बाहेरचं झाड, बाहेरची बुरशी, बाहेरचं डुक्कर, तिघांनी मिळून.

मला एवढंच म्हणायचंय की "हे झाड आक्रमक आहे" हे वाक्य अर्धवट आहे, ते कोणाबरोबर आक्रमक आहे ते पण सांगा.

टेकडीवरची

मस्त धागा! पाठराखीण भारीच. वाचतेय.

शंकासुर

माती, लेख आवडला पण एक शंका (नावाला जागतो). पाइन लांब उगवत नाही याचं कारण बुरशी कशावरून? बी लांब पोचतच नसेल. किंवा उंदीर खात असतील. आपण दोन गोष्टी एकत्र दिसल्या की लगेच एक कारण आणि दुसरी परिणाम करून टाकतो.

मातीमोल

रास्त शंका. बिया खाणारे प्राणी त्या बेटावर आहेतच आणि त्याच लोकांनी त्यावर वेगळा अभ्यासही केलाय, तो पण एक अडथळा आहे. पण बुरशीचं फक्त नकाशा बघून नाही ठरवलं. लागवडीजवळची माती आणि लांबची माती अशी वेगवेगळी घेऊन त्यात रोपं वाढवली, जवळच्या मातीत मुळांवर बुरशी जास्त आणि रोपं धडधाकट. तिथे उंदीर पण नाही आणि अंतर पण नाही.

उलट बाजूने चिलीतलं बघ. कोइहाइके भागात पाइन सुसाट पसरलाय, तिथे लागवडीपासून लांब एकेकटी उगवलेली रोपं उपटून मुळं तपासली तर बहुतेकांवर एकच बुरशी, सुइलस ल्युटियस. २०१५ चा अभ्यास. म्हणजे मोठा गोतावळा लागतच नाही, एक योग्य जोडीदार असला तरी पुरे. ही सुइलस म्हणजे तपकिरी चिकट टोपीची छत्री, खाली नळ्या असतात, पापुद्रे नसतात. पाइनच्या कुळाशिवाय कोणाशी जमवत नाही, बीजाणू अफाट सोडते, ते वाऱ्याने लांब जातात आणि मातीत वाट बघत पडून राहू शकतात.

किवीकर

या विषयावर न बोललो तर न्यूझीलंडात, क्राइस्टचर्चमध्ये राहून काय उपयोग. इथे याला वाइल्डिंग पाइन म्हणतात आणि हे प्रकरण लहान नाहीये, १८ लाख हेक्टरच्या वर पसरलेत, २०१६ पासून राष्ट्रीय पातळीवरचा कार्यक्रम चालू आहे, हेलिकॉप्टरमधून फवारणी, करवती, आणि आमच्यासारखे हौशी लोक वीकेंडला डोंगरावर रोपं उपटायला. सगळ्यात वाईट पायनस कॉन्टोर्टा, तो विकायला लावायला पण बंदी आहे, त्याचं बी इतकं हलकं की वाऱ्यावर किलोमीटरच्या किलोमीटर जातं आणि झाडांच्या रेषेच्या वर जिथे आपली मूळ झाडं पोचत नाहीत तिथे पण हा जातो.

बुरशीचं इथेही अगदी तसंच. हरणं युरोपातली आणि पॉसम ऑस्ट्रेलियातला, या दोघांच्या लेंड्यांत पाइनच्या परदेशी बुरशा सापडल्या आणि त्या पाइनच्या मुळांवर लागल्या पण. देशी बुरशा मात्र लेंडीतून अशा पुढे जात नाहीत असं २०१५ च्या अभ्यासात होतं. मला हे वाचून राग आला होता खरंच, पॉसमने आधीच पक्ष्यांची अंडी खाऊन वाट लावलीये त्यात हे.

पण खरी डोकेदुखी पाइन तोडल्यावर सुरू होते. तोडलं म्हणजे झालं असं वाटतं ना? कँटरबरीत इयान डिकी आणि त्यांच्या लोकांनी पाइन काढलेल्या जागा तपासल्या, तिथली माती बदललेली, पोषणद्रव्यं जास्त मोकळी झालेली, त्याच्यावर परदेशी गवतं फोफावतात. आणि पाइनची बुरशी मातीत शिल्लक, तिच्या जोरावर डग्लस फर येतो. एक काढला की दुसऱ्याला आयती सोय.

शंकासुर

मग न काढलेला बरा?

किवीकर

नाही रे बाबा. न काढता ठेवला तर पाणी पितो, टसॉक गवताळ डोंगर झाकून टाकतो, बी टाकत राहतो. काढायचाच. पण बजेटमध्ये फक्त करवतीचे पैसे धरून चालत नाही, पाच-दहा वर्षं परत परत जायला लागतं. लवकर काढला तर बरं पडतं, जुना झाला की जमिनीखालचं सामान वाढतं.

मोहरीची माई

पेन्सिल्वेनियातून. आमच्याकडे पार्कात गार्लिक मस्टर्ड नावाचं तण आहे, एप्रिल-मेमध्ये सगळीकडे पांढरी फुलं, पान चुरडलं की लसणीचा वास. पहिल्यांदा मी भाजीच केली होती, जरा कडू लागते पण शेंगदाण्याचं कूट घालून खपते. पार्कवाले दरवर्षी लोकांना बोलवून उपटून घेतात. ते म्हणाले की याने झाडांची बुरशी मरते. म्हणजे पाइनच्या उलटं? हे कसं काय?

मातीमोल

माई, बरोब्बर उलटं आणि मी वाटच बघत होते कोणी हे काढतंय का. ते मोहरीच्याच कुळातलं. युरोपातून आलं, अमेरिकेत पहिली नोंद १८६८ ची, लाँग आयलंडवर. मोहरीच्या कुळाला मायकोरायझाची सवयच नाही, ते बुरशीशी जोडी करतच नाहीत. आणि त्यांच्यात जी तिखट रसायनं असतात, आपल्या मोहरी फेसली की नाकात जातात त्याच जातीची, ती मातीत उतरली की एएम बुरशीला मारक. २००६ मध्ये स्टिन्सन वगैरेंनी दाखवलं की या तणाच्या मातीत मेपलच्या रोपांच्या मुळांवर बुरशी फार कमी बसते आणि रोपं खुरटतात. स्वतःला जोडीदार नकोच, दुसऱ्यांचे तोडले की झालं.

त्यात अजून एक वळण आहे. २००९ मध्ये लँकाऊ आणि सहकाऱ्यांनी जुन्या आणि नव्या वस्त्यांतली रोपं तपासली तर जिथे हे तण जास्त वर्षांपासून आहे तिथे ते विष कमी बनवतं. नवं असताना विषारी, स्थिरावल्यावर सौम्य. आजूबाजूला आपलीच गर्दी झाल्यावर विषाला लागणारा खर्च परवडत नसावा. म्हणून काही लोक म्हणतात उपटत बसू नका, हरणं आवरा, हरणं देशी रोपं खातात आणि हे तण खात नाहीत हा खरा प्रॉब्लेम. मला स्वतःला यात तथ्य वाटतं, तुमच्या पार्कवाल्यांना विचारून बघा काय म्हणतात.

डाळिंबवाला

ताई एक प्रश्न, विषय सोडून असेल तर सोडून द्या. दुकानदाराने मागच्या हंगामात फ्लॉवरला व्हॅम टाकायला लावलं होतं, किलोवर आणलं, काडीचा फरक नाही. आत्ता कळलं का. फ्लॉवर पण मोहरीच्याच घरातला ना?

मातीमोल

दादा विषय अजिबात सोडून नाही. फ्लॉवर, कोबी, मुळा, मोहरी सगळे एकाच कुळातले, यांना व्हॅम टाकणं म्हणजे पैसे वाया. पालक, बीट, राजगिरा यांचं पण जवळपास तसंच. डाळिंब, द्राक्ष, कांदा, मका, ऊस, डाळी यांना बुरशी चालते. पण जमिनीत स्फुरद भरमसाठ असेल तर झाडच बुरशीला दारात उभं करत नाही, त्यामुळे डीएपी म्हणजे स्फुरदाचं खत पण मारायचं आणि व्हॅम पण टाकायचं यात अर्थ नाही. आधी माती तपासून घ्या. आणि पुडीत किती जिवंत बीजाणू आहेत हा वेगळाच विषय, त्यावर इथे नको नाहीतर धागा भरकटेल.

टेकडीवरची

आता आपल्याकडचं सांग ना. पुण्यात टेकड्यांवर ग्लिरिसिडिया, घाणेरी, गाजरगवत, सुबाभूळ, सगळं बाहेरचं. यांनी पण स्वतःची बुरशी आणली का?

मातीमोल

इथेच पाइन आणि घाणेरी यांच्यातला फरक कळतो. घाणेरी, गाजरगवत, रानमोडी, ग्लिरिसिडिया हे सगळे एएमवाले. एएम बुरशीच्या जगभरात नोंदलेल्या जाती जेमतेम काही शेकडा आणि त्यांना वापरणारी झाडं लाखोंनी, त्यामुळे त्या बुरशा फार निवड करत नाहीत, जो मूळ पुढे करेल त्याच्याशी जमवतात. अमेरिकेतून आलेल्या घाणेरीला पुण्याच्या टेकडीवर उतरल्याबरोबर इथलीच बुरशी मिळते, सोबत काही आणायला नको. म्हणून तर हे लोक कुठेही रुजतात आणि पाइनला मातीची पोती लागली.

पण जोडीदार सगळ्यांना मिळतो म्हणजे फायदा सगळ्यांना सारखा होतो असं नाही. अमेरिकेत मोंटानामध्ये स्पॉटेड नॅपवीड नावाचं युरोपियन तण आहे, जांभळ्या फुलांचं. १९९९ मध्ये मार्लर, झाबिन्स्की आणि कॅलवे यांनी ते आणि तिथलं देशी गवत एका कुंडीत लावलं, काही कुंड्यांत बुरशी आणि काहींत नाही. नुसत्या तणाला बुरशीने फार काही फरक पडला नाही. पण शेजारी गवत असताना बुरशी असलेल्या कुंडीत तण चांगलंच मोठं झालं आणि गवत दबलं. बुरशी तिथलीच, पण फायदा पाहुण्याचा. आधी वाटलं की तण बुरशीच्या तंतूंतून गवताची साखर चोरतंय, नंतर असं दिसलं की त्याला बुरशीकडून स्फुरद जास्त उचलता येतो, चोरी वगैरे नाही.

सुबाभूळ आणि ग्लिरिसिडियाचं अजून एक, त्यांच्या मुळांवर गाठी असतात, नत्र बांधणारे जिवाणू. ते टेकडीची माती नत्राने भरतात, आणि आपल्या टेकड्यांवरची मूळची गवतं, पावसाळी फुलं ही हलक्या, उपाशी जमिनीवर वाढणारी. त्यांचं तिथे नुकसानच.

शंकासुर

झाडं एकमेकांशी बुरशीतून बोलतात, आई झाड पिल्लाला खाऊ पाठवतं, व्हॉट्सॲपवर येतं ते खरं का मग?

मातीमोल

थोडं खरं, बरंचसं फुगवलेलं. दोन झाडं एकाच बुरशीला जोडलेली असू शकतात हे दिसलंय. पण जंगलात त्या जोडणीतून पुरेशी साखर जाते आणि रोपाचं त्याने भलं होतं याचा पुरावा कच्चा आहे, २०२३ मध्ये कार्स्ट, जोन्स आणि होक्सेमा या तिघांनी सगळा पुरावा परत तपासून तेच लिहिलं, आणि ते तिघे याच विषयात आयुष्य घालवलेले लोक आहेत. आई झाड फॉरवर्ड करण्याआधी जरा दमानं.

गोंयचो पाऊस

रानमोडीचं कोणी बोलेना म्हणून मी. आमच्याकडे काजूच्या बागेत, रस्त्याच्या कडेला, जिथे जंगल जरा उघडं पडलं तिथे ही हजर. हिचं मुळाशी काय?

मातीमोल

रानमोडीची गोष्ट तिसरीच आहे आणि अभ्यास आपल्या पश्चिम घाटातलाच. २००८, मंगला, इंद्रजित आणि कॅलवे. रानमोडीखालच्या मातीत फ्युजॅरियम नावाची रोगकारक बुरशी खूप जास्त सापडली. रानमोडीच्या मुळांतून जे पाझरतं त्याने ती वाढते, रानमोडीला स्वतःला फारसा त्रास नाही, पण त्याच मातीत बांबू आणि काटेमाठ लावला तर त्यांची वाढ खुंटते. माती निर्जंतुक केली की त्रास कमी. म्हणजे ही बाई मित्र आणत नाही, मित्र मारत नाही, इथलेच गुंड पाळते.

शंकासुर

काटेमाठ पण मूळचा अमेरिकेतलाच मानतात की! देशी म्हणून त्याला घेतलं?

मातीमोल

हो, ते मलाही खटकलं होतं. बांबूवर लक्ष द्या :) निष्कर्षाला त्याने धक्का लागत नाही, शेजाऱ्यांना त्रास होतो एवढं तरी दिसतंच.

गोंयचो पाऊस

मग आमची ओल्मीं, म्हणजे खायच्या रानछत्र्या, पण या मुळांवरच्या बुरशीचीच का? पावसात रोयणीवर, म्हणजे वारुळावर येतात ती.

मातीमोल

नाही, ती वाळवीची. वाळवी वारुळात बुरशीची शेती करते, झाडाच्या मुळांशी तिचा संबंध नाही. सालाच्या झाडाखाली बस्तरमध्ये पहिल्या पावसात बोडा नावाची खायची बुरशी मिळते ती मात्र मुळांवरची. साल तोडून सागवान लावला तर बोडा बंद, कारण साग एएमवाला.

उटकमंड रिटर्न

उटी-कोडाईकनालला पाइन आहेत त्यांच्याखाली लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली छत्री पाहिली, कार्टूनमधली असते तशी. ती आपली का?

मातीमोल

ती अमानिटा मस्कारिया, विषारी, आपली नाही. दक्षिणेतल्या डोंगरांत मूळचे पाइन नाहीतच, ते लावलेले, आणि त्यांच्याबरोबर सुइलस, लॅकारिया, ही लाल टोपी असं सगळं आलंय. तिथल्या मूळच्या शोला जंगलाच्या शेजारीच.

किवीकर

ही लाल टोपी इथे पाइन सोडून आमच्या देशी बीचच्या, म्हणजे नोथोफॅगसच्या जंगलात शिरलीये. पाइनला नोथोफॅगसची बुरशी चालत नाही पण हिला मात्र नोथोफॅगस चालतो. आणि ऑस्ट्रेलियात तर डेथ कॅप, युरोपातल्या ओकच्या मुळांवर बसून आली, मेलबर्न-कॅनबेराला रस्त्याकडेच्या ओकखाली उगवते, अर्धी छत्री माणसाला मारायला पुरे. कॅलिफोर्नियात तीच डेथ कॅप तिथल्या देशी ओकवर सरकली. कोणीही फोटो टाकून "खाऊ का" विचारू नका, उत्तर नाही असंच आहे.

टेकडीवरची

आम्ही यंदा ग्रुपने टेकडीवर घाणेरी काढून देशी झाडं लावणार आहोत. मग देवराईतली माती आणून घालावी का? कोणीतरी सुचवलंय.

मातीमोल

कल्पना वाईट नाही. नेदरलँड्समध्ये शेतजमिनीचा वरचा थर काढून त्यावर कुठे हीथलँडची (खुरट्या झुडपांच्या माळाची) आणि कुठे गवताळ रानाची माती पातळ पसरली, तर जिथली माती तशी झाडं येत गेली, २०१६ मध्ये वुब्स आणि सहकाऱ्यांनी छापलंय. पण ट्रॉलीने देवराई खरवडून आणू नका प्लीज, एक वाचवायला दुसरी उघडी. रोपवाटिकेत पिशवी भरतानाच त्याच जातीच्या जवळपासच्या निरोगी झाडाखालची मूठभर माती मिसळा, तेवढं पुरतं. गावकऱ्यांना विचारून. लांबची माती अजिबात नको, तिच्याबरोबर मुळकूज, गाजरगवताचं बी, काय काय येईल. आणि शेणखत, डीएपी जपून, आधीच सांगितलं तसं स्फुरद जास्त झाला की बुरशी बसत नाही.

डाळिंबवाला

+१. ताई, पुढील लेखनास शुभेच्छा. दुकानदाराला हा धागा दाखवणार आहे.

किवीकर

मातीवरून आठवलं, डिसेंबरात इकडे ट्रेकला येणाऱ्यांनी बूट घासून धुऊन आणा, तळव्याच्या खाचा ब्रशने साफ करा आणि एअरपोर्टच्या डिक्लरेशनमध्ये बूट आहेत असं खरं खरं लिहा. लपवलं आणि सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड आहे, आणि टसॉकमधून चालून परत जाताना पण धुवा.